दस्तऐवजातील फलने : मजकूर आणि तक्ता यांत गणिताची गुंफण

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसविलेला आहे आणि विद्यार्थी दररोज सकाळी त्यातील पाणी मोजून वहीत लिहितात, असे समजावे. आठवड्याच्या शेवटी वहीत एक ओळ येते : 'एकूण पाऊस 119.5 मिलिमीटर, पावसाळी दिवस 4.' ही ओळ वाचणाऱ्यास दोन आकडे मिळतात. परंतु ते कसे मिळाले हे त्यांतून कळत नाही. कोणत्या दिवसांची बेरीज केली, एखादा दिवस गळला की काय, 'पावसाळी दिवस' कशास म्हणावयाचे, या प्रश्नांची उत्तरे ज्या विद्यार्थ्याने हिशेब केला त्याच्या मनात असतात. तो विद्यार्थी शाळा सोडून गेला म्हणजे ती उत्तरेही त्याच्याबरोबर जातात आणि मागे केवळ आकडे उरतात.

संगणकावर लिहिलेल्या दस्तऐवजात ही उणीव भरून काढता येते. त्यात आकड्याच्या जागी तो आकडा काढण्याचा नियमच लिहून ठेवता येतो. इतकेच नव्हे, तर त्या नियमास स्वतःचे नाव देऊन तो दस्तऐवजात हवा तेथे वापरता येतो. असा नाव दिलेला नियम म्हणजे 'फलन'. लिहिणाऱ्याने स्वतः रचलेली फलने तक्त्यात व साध्या मजकुरात कशी गुंफावयाची, त्यांपासून कोणता लाभ होतो आणि कोणता धोका संभवतो, याचा विचार येथे केला आहे.

फलन म्हणजे काय

गणितात फलन ही परिचयाची कल्पना आहे. वर्तुळाची त्रिज्या दिली असता त्याचे क्षेत्रफळ ठरते. म्हणून क्षेत्रफळ हे त्रिज्येचे फलन होय. फलनास काही दिले असता ते त्या देण्याप्रमाणे उत्तर देते, आणि तेच पुन्हा दिले असता तेच उत्तर पुन्हा देते. जे द्यावयाचे त्यास 'आदान' आणि जे मिळते त्यास 'प्रदान' असे येथे म्हटले आहे.

पिठाच्या गिरणीची उपमा येथे उपयोगी पडेल. गिरणीत जोंधळा घातला तर जोंधळ्याचे पीठ पडते, गहू घातला तर गव्हाचे. गिरणी शेजारच्या पोत्यांतील धान्याला हात लावीत नाही, आणि काल कोणाचे दळण झाले यावर आजचे पीठ अवलंबून नसते. चांगल्या फलनाचे वर्तनही असेच असते. जे त्याच्या तोंडात घातले त्यावरच ते काम करते आणि उत्तराखेरीज दुसरे काहीही मागे ठेवीत नाही.

बेरीज, सरासरी, सर्वांत मोठी संख्या यांसारखी सामान्य फलने संगणकाच्या आज्ञावलीत आधीपासूनच असतात. परंतु प्रत्येक व्यवसायाचे आणि प्रत्येक शास्त्राचे स्वतःचे नियम असतात. पावसाची प्रतवारी, ग्रंथालयातील उशिराचा दंड, दुधाच्या स्निग्धांशावरून ठरणारा भाव, यांसाठी तयार फलने कोठून असणार? ती ज्याची त्यानेच रचावी लागतात.

जिवंत तक्त्याचा जन्म

1978 साली अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी होता. वर्गात फळ्यावर मोठमोठे तक्ते मांडून हिशेब शिकविले जात. एक आकडा बदलला की त्यावर आधारलेले सर्व आकडे पुसून नव्याने लिहावे लागत. फळाच जर स्वतः पुन्हा हिशेब करू लागला तर किती बरे होईल, या विचारातून त्याने आणि बॉब फ्रँकस्टन याने 'व्हिजिकॅल्क' नावाची आज्ञावली तयार केली. ती 1979 साली 'ॲपल टू' या संगणकासाठी विक्रीस आली. तिच्या तक्त्यात 63 रकाने आणि 254 ओळी होत्या. प्रत्येक घरात आकडा, शब्द किंवा सूत्र लिहिता येत असे. आणि एखादा आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलत. अशा जिवंत तक्त्यासच पुढे सर्वत्र 'स्प्रेडशीट' हे नाव रूढ झाले.

1983 साली आलेल्या 'लोटस 1-2-3' या आज्ञावलीने पुढचे पाऊल टाकले. वारंवार कराव्या लागणाऱ्या कृतींची यादी तक्त्याच्याच घरांत लिहून ठेवण्याची व तिला नाव देण्याची सोय तिने केली. अशा यादीस 'मॅक्रो' म्हणतात. 1993 साली 'एक्सेल'च्या पाचव्या आवृत्तीत 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' ही संपूर्ण आज्ञाभाषा अंतर्भूत झाली, आणि ती शिकलेल्या कोणालाही आपले फलन लिहून ते तक्त्यातील सूत्रात वापरता येऊ लागले. 'लिबर ऑफिस' या विनामूल्य उपलब्ध असलेल्या आज्ञावलीतही 'बेसिक' भाषेत अशी फलने लिहिता येतात.

एका आठवड्याचा पाऊस

प्रारंभी घेतलेल्या शाळेच्या उदाहरणाकडे आता पुन्हा वळावे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता आधीच्या चोवीस तासांतील पाऊस नोंदविला जातो, आणि ज्या दिवशी 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला त्या दिवसास 'पावसाळी दिवस' म्हणतात. पावसाचे प्रमाणानुसार वर्गही ठरलेले आहेत. 0.1 ते 2.4 मिलिमीटर अत्यल्प, 2.5 ते 15.5 हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 मुसळधार, 115.6 ते 204.4 अति मुसळधार, आणि त्याहून अधिक म्हणजे सर्वांत वरचा वर्ग होय.

शाळेच्या सात दिवसांच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत असे मानावे :

| दिवस | पाऊस (मिमी) | वर्ग |
| 1 | 0.0 | पाऊस नाही |
| 2 | 2.4 | अत्यल्प |
| 3 | 12.6 | हलका |
| 4 | 70.2 | मुसळधार |
| 5 | 31.0 | मध्यम |
| 6 | 2.5 | हलका |
| 7 | 0.8 | अत्यल्प |

बेरीज 119.5 मिलिमीटर येते. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा हे चार दिवस पावसाळी ठरतात. येथे एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. सूत्र लिहिणाऱ्याने '2.5 किंवा अधिक' याऐवजी '2.5 हून अधिक' असे लिहिले, तर सहावा दिवस गळतो आणि उत्तर 4 ऐवजी 3 येते. तक्ता तसाच नीटनेटका दिसतो, संगणक कोणतीही तक्रार करीत नाही, आणि चूक मात्र वर्षाच्या अहवालापर्यंत तशीच पोचते.

तिसऱ्या रकान्यातील वर्ग ठरविण्यासाठी 'जर असे असेल तर हे, नाही तर ते' अशा अटींची साखळी लिहावी लागते. वर्षभराच्या नोंदवहीत 365 ओळी असतात. म्हणजे तीच लांबलचक साखळी 365 घरांत उतरविली जाते. नियमात एक दुरुस्ती झाली, तर ती 365 ठिकाणी करावयास हवी. त्यांतील दहा घरे राहून गेली तरी पाहणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नाही, कारण घरात सूत्र दिसत नाही. दिसते ते उत्तर.

नियमाला नाव देणे

यावर उपाय असा की नियम एकाच ठिकाणी लिहावा, त्यास नाव द्यावे आणि सर्वत्र त्या नावानेच त्यास हाक मारावी. येथे त्यास 'पर्जन्यवर्ग' हे नाव देऊ. संगणकाच्या आज्ञाभाषेतील शब्द इंग्रजी असले, तरी नियमाचा आशय मराठीत असा मांडता येईल :

पर्जन्यवर्ग (प) :
घर रिकामे असेल तर 'नोंद नाही';
प शून्य असेल तर 'पाऊस नाही';
प 2.5 हून कमी असेल तर 'अत्यल्प';
प 15.6 हून कमी असेल तर 'हलका';
प 64.5 हून कमी असेल तर 'मध्यम';
प 115.6 हून कमी असेल तर 'मुसळधार';
प 204.5 हून कमी असेल तर 'अति मुसळधार';
अन्यथा 'अति मुसळधारेच्याही वरचा'.

आता प्रत्येक ओळीत केवळ 'पर्जन्यवर्ग' हे नाव आणि कंसात त्या दिवसाच्या घराचा पत्ता लिहिला की काम झाले. नियम बदलला तर एका ठिकाणी बदलावा. 365 उत्तरे आपोआप सुधारतात.

पहिल्या अटीचे महत्त्व विशेष आहे. स्प्रेडशीट रिकामे घर गणितात बहुधा शून्य म्हणून धरते. परंतु ज्या दिवशी पाऊस पडला नाही तो दिवस वेगळा, आणि ज्या दिवशी सुट्टीमुळे कोणी मोजलेच नाही तो वेगळा. ही अट नसेल तर न मोजलेला दिवस कोरडा दिवस म्हणून नोंदला जाईल आणि दुष्काळाचा खोटा पुरावा तयार होईल. असा विवेक फलनात एकदा घातला म्हणजे तो प्रत्येक ओळीस मिळतो.

पूर्वी असे फलन रचावयाचे तर आज्ञाभाषा शिकणे आवश्यक होते. 2003 साली सायमन पेटन जोन्स, ॲलन ब्लॅकवेल आणि मार्गारेट बर्नेट या संशोधकांनी असा विचार मांडला की, जो मनुष्य तक्त्यात सूत्र लिहू शकतो त्याला त्याच सूत्रांच्या भाषेत नवे फलनही रचता आले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये 'एक्सेल'मध्ये 'लॅम्डा' या सोयीची घोषणा झाली, तीमुळे हे शक्य झाले. आदानाचे नाव आणि त्यावर करावयाचे सूत्र असे दोन भाग लिहून त्या जोडीस नाव दिले की फलन तयार होते. 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर अलोंझो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने 1930 नंतरच्या दशकात फलनांचे गणित मांडताना वापरले होते. संगणक प्रत्यक्षात येण्यापूर्वी कागदावर मांडलेली ती कल्पना अशा रीतीने हिशेबनिसाच्या तक्त्यात येऊन पोचली. 2022 साली 'गूगल शीट्स'मध्येही नाव दिलेल्या फलनांची सोय झाली.

फलनाची मर्यादा हेच त्याचे बळ

नवख्या मनुष्यास फलनाची एक मर्यादा प्रथम खटकते. तक्त्यातील सूत्रातून बोलाविलेले फलन उत्तर देऊ शकते. परंतु दुसऱ्या कोठल्या तरी घरातील आकडा परस्पर बदलू शकत नाही. विचारान्ती ही मर्यादा हितकारकच आहे असे दिसून येईल. गिरणीने शेजारच्या पोत्याला हात लावावयाचा नाही, हाच तो नियम. तो पाळला जातो म्हणून कोणत्याही घरातील आकडा कोठून आला हे त्या घरातील सूत्रावरून शोधता येते.

याच नियमाची दुसरी बाजू मात्र लिहिणाऱ्याने स्वतः सांभाळावयाची असते. शाळेच्या 200 चौरस मीटर छपरावरील पावसाचे पाणी साठवावयाचे आहे असे समजावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. म्हणून त्या आठवड्यात छपरावर 119.5 गुणिले 200, म्हणजे 23,900 लिटर पाणी पडले. काही पाणी उडून जाते, काही वाळते. प्रत्यक्षात दहांतील आठ भाग हाती लागतात असे धरले, तर साठा 19,120 लिटर होतो.

आता 'पाणीसाठा' हे फलन रचताना पाऊस आणि क्षेत्रफळ ही दोनच आदाने दिली, आणि 0.8 हा गुणांक फलनाने आतल्या आत तक्त्याच्या एका घरातून वाचावा असे लिहिले, तर काय होईल? 'एक्सेल'मध्ये व्हिज्युअल बेसिकने लिहिलेले फलन सामान्यतः त्याची आदाने बदलली तरच पुन्हा हिशेब करते. गुणांकाच्या घरात 0.8 ऐवजी 0.7 लिहिले, तर खरे उत्तर 16,730 लिटर हवे. परंतु तो गुणांक आदानांत नसल्यामुळे संगणकास त्या बदलाची वार्ताच लागत नाही, आणि तक्त्यात 19,120 हा जुना आकडा तसाच राहतो. गुणांकही तिसरे आदान म्हणून दिला असता हा घोटाळा झाला नसता. ज्या ज्या गोष्टीवर उत्तर अवलंबून आहे ती ती गोष्ट फलनाच्या कंसात दिसली पाहिजे, हा नियम यावरून निघतो.

साध्या मजकुरातील फलने

येथवर तक्त्याचा विचार झाला. परंतु पुष्कळसे ज्ञान परिच्छेदांत लिहिलेले असते, आणि आकडे त्या परिच्छेदांत विखुरलेले असतात. 'या आठवड्यात 119.5 मिलिमीटर पाऊस झाला' या वाक्यातील आकडाही हाताने न लिहिता फलनाकडून लिहवून घेता येतो.

येथे 'साधा मजकूर' म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. ज्या फाइलीत अक्षरांखेरीज दुसरे काही नसते, जाडी, रंग, चित्रे यांच्या गुप्त खुणा नसतात, ती साध्या मजकुराची फाइल होय. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात उघडता येते, आणि तिच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली हे काटेकोरपणे दाखविता येते. 2007 पासूनची 'एक्सेल'ची फाइलही आतून अनेक मजकूर-फाइलींचे बांधलेले गाठोडेच असते; परंतु ते गाठोडे सोडून वाचणे मनुष्यास सोयीचे नाही, आणि मॅक्रोंची आज्ञावली त्यात साध्या मजकुराच्या स्वरूपात नसते.

मजकूर आणि आज्ञावली एकत्र लिहिण्याच्या कल्पनेस स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड कनूथ यांनी 1984 साली एका लेखात शास्त्रीय रूप दिले. आज्ञावली ही प्रथम मनुष्याने वाचावयाची गोष्ट आहे, यंत्राने चालवावयाची नंतर, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या 'वेब' नावाच्या पद्धतीत एकाच फाइलीतून एका बाजूस छापण्याजोगा निबंध आणि दुसऱ्या बाजूस यंत्रास चालविता येईल अशी आज्ञावली निघत असे. 'टेक' ही त्यांची प्रसिद्ध अक्षरजुळणीची आज्ञावली याच पद्धतीने लिहिलेली असून 1986 साली ती ग्रंथरूपाने छापलीही गेली.

2002 साली फ्रीड्रिश लाइश यांनी संख्याशास्त्राच्या 'आर' या भाषेसाठी 'स्वीव्ह' ही पद्धत आणली. तिच्यात अहवालाच्या वाक्यातच फलनाची हाक लिहिता येते, आणि अहवाल तयार होताना त्या जागी उत्तर उमटते. मूळ आकड्यांत दुरुस्ती झाली की वाक्येही दुरुस्त होतात. तक्ता एक सांगतो आणि वाक्य दुसरेच, असे होत नाही.

2003 साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी 'ईमॅक्स' या संपादकासाठी 'ऑर्ग-मोड' ही रचना तयार केली. तिच्यात तक्ता केवळ उभ्या रेघांनी विभागलेल्या अक्षरांचा असतो. वर दिलेला पावसाचा तक्ता ज्या स्वरूपात छापला आहे, जवळजवळ त्याच स्वरूपात. तक्त्याखाली एक ओळ लिहावयाची, आणि तिच्यात तिसऱ्या रकान्यातील मजकूर हा दुसऱ्या रकान्यातील आकड्यास 'पर्जन्यवर्ग' लावून मिळवावा, अशा अर्थाचे सूत्र द्यावयाचे. 'पर्जन्यवर्ग' हे फलनही त्याच दस्तऐवजात एका चौकटीत लिहून ठेवता येते. अशा रीतीने आकडे, नियम आणि उत्तरे ही तिन्ही एका फाइलीत, उघड्या अक्षरांत, वाचकासमोर येतात. ज्याच्यापाशी ती आज्ञावली नाही त्यास हिशेब पुन्हा करून पाहता आला नाही, तरी नियम वाचता येतो. आणि ज्यास नियम वाचता येतो तो कागद-पेन्सिल घेऊनही त्याची तपासणी करू शकतो.

न दिसलेल्या पाच ओळी

नियम दिसणे इतके महत्त्वाचे का, याचे एक बोलके उदाहरण अर्थशास्त्रात घडले. 2010 साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 'ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट' हा निबंध प्रसिद्ध केला. ज्या देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांहून अधिक होते त्यांची सरासरी वार्षिक वाढ उणे 0.1 टक्के असल्याचे त्यात दाखविले होते. सरकारी खर्च कमी करावा असे म्हणणाऱ्यांनी अनेक देशांत या निबंधाचा आधार घेतला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून हेच उत्तर पुन्हा काढून पाहिले, ते येईना. तेव्हा त्याने मूळ लेखकांकडे त्यांची स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती पाठविली. सरासरीचे सूत्र तिसाव्या ओळीपासून एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत, म्हणजे वीस देशांवर, लावावयास हवे होते. ते चव्वेचाळिसाव्या ओळीपाशीच थांबले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते. एप्रिल 2013 मध्ये हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला; त्यांच्या हिशेबाने ती सरासरी वाढ 2.2 टक्के येत होती.

हा सर्व फरक त्या पाच ओळींमुळे पडला असे मात्र समजू नये. त्याचा मोठा भाग काही वर्षांचे आकडे वगळणे आणि देशांना महत्त्व देण्याची रीत यांमुळे होता, आणि त्याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद राहिले. सूत्रातील चूक मात्र मूळ लेखकांनी मान्य केली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, छापील निबंधात ती चूक कोणालाही दिसणे शक्य नव्हते. निबंधात उत्तर होते. नियम स्प्रेडशीटमध्ये होता. स्प्रेडशीट हाती आल्यावरच एका विद्यार्थ्यास ती चूक सापडू शकली.

विश्वासाचा प्रश्न

दस्तऐवजात आज्ञावली गुंफता येते, यातून दुसरा एक धोका निर्माण होतो. वाचक दस्तऐवज उघडतो तेव्हा आपण केवळ वाचत आहो अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात त्यातील आज्ञावली त्याच्या संगणकावर चालू शकते. फलन केवळ उत्तर देते; परंतु त्याच भाषेत लिहिलेला मॅक्रो फाइली पुसू शकतो व पत्रे पाठवू शकतो.

1995 साली 'कन्सेप्ट' नावाचा मॅक्रो-विषाणू 'वर्ड'च्या दस्तऐवजांतून पसरला. 26 मार्च 1999 रोजी 'मेलिसा' प्रकट झाला. हा विषाणू असलेला दस्तऐवज कोणी उघडला आणि मॅक्रो चालू झाला की तो त्या मनुष्याच्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवीत असे. अनेक संस्थांच्या पत्रव्यवस्था त्यामुळे कोलमडल्या. त्याच्या कर्त्यास 2002 साली वीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. 2007 च्या 'ऑफिस'पासून मॅक्रो असलेल्या फाइलीस निराळे नामचिन्ह देण्यात आले, आणि 2022 सालापासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो प्रारंभीच रोखून धरण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने स्वीकारले. ऑर्ग-मोडमध्येही चौकटीतील आज्ञावली चालविण्यापूर्वी 'चालवू का?' असा प्रश्न विचारला जातो. अशा प्रश्नास न वाचताच 'होय' म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय.

फलन रचताना पाळावयाचे नियम

वरील विवेचनावरून काही नियम निष्पन्न होतात.

1. फलनास त्याचे काम सांगणारे नाव द्यावे. 'पर्जन्यवर्ग' हे नाव वाचताच अर्थ कळतो. 'सूत्र 3' या नावावरून काही कळत नाही.

2. ज्यावर उत्तर अवलंबून आहे ते सर्व आदान म्हणून द्यावे. आतल्या आत काही वाचू नये.

3. रिकामे घर, उणे आकडा, आकड्याच्या जागी शब्द, यांचे काय करावयाचे ते फलनातच सांगावे.

4. सीमारेषेवरील आकड्यांनी फलनाची परीक्षा घ्यावी. 'पर्जन्यवर्ग'साठी 2.4 आणि 2.5, 15.5 आणि 15.6, 64.4 आणि 64.5 या जोड्या घ्याव्यात. मधल्या आकड्यांवर बहुतेक सूत्रे बरोबर येतात. चुका राहतात त्या सीमेवर.

5. नियमाचा आधार फलनाशेजारी शब्दांत लिहावा. 2.5 हा आकडा कोठून आला हे पुढच्या वाचकास कळले पाहिजे.

6. जे काम साध्या फलनाने होते त्यासाठी मॅक्रो वापरू नये, आणि परक्या दस्तऐवजातील आज्ञावली वाचल्यावाचून चालवू नये.

दस्तऐवज हा एकाने लिहावयाचा आणि अनेकांनी वाचावयाचा असतो. पुष्कळदा लिहिणारा गेल्यानंतरही तो वाचला जातो. पंधरा वर्षांनंतर शाळेची पाऊसवही उघडणाऱ्या विद्यार्थ्यास '4' हा आकडा दिसेल, त्याशेजारी नियम दिसेल, आणि तो नियम बरोबर आहे की नाही हे तो स्वतः ठरवू शकेल. तो चूक काढील, तर वहीचे मोल त्यामुळे वाढेलच.

स्वाध्याय

1. वरील तक्त्यातील सातव्या दिवसाची नोंद राहून गेली आहे असे समजा. एकूण पाऊस आणि पावसाळी दिवस यांपैकी कोणता आकडा बदलेल? अहवालात ते कसे नमूद करावे?

2. 150 चौरस मीटर छपरावर 70.2 मिलिमीटर पाऊस पडला. गुणांक 0.8 धरून 'पाणीसाठा' फलनाचे उत्तर काढा. या फलनाची तीन आदाने कोणती?

3. आपल्या ग्रंथालयाचा उशिराच्या दंडाचा नियम फलनाच्या रूपात शब्दांत लिहा. पुस्तक ठरलेल्या दिवशीच परत आले तर, मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर, आणि परतीची तारीख लिहिलीच नसेल तर, अशा तिन्ही प्रसंगी ते काय उत्तर देते ते तपासा.

4. एखाद्या छापील अहवालातील एक सरासरी निवडा. ती पुन्हा काढून पाहण्यासाठी कोणती माहिती त्या अहवालात दिलेली नाही, याची यादी करा.